एकसष्ट सामने, शून्य गोल

“अंकलजी, मोठ्या लीगमध्ये तुम्ही एक तरी गोल केलात का हो?”

विचारून टाकलं एकदाचं. धार लावायचं यंत्र नेमकं त्याच क्षणी थांबलं, नाहीतर माझा प्रश्न त्याच्या घरघरीत बुडून गेला असता आणि मी मैत्रिणींना सांगितलं असतं की विचारलं, त्यांनाच ऐकू आलं नाही. आता तो शनिवारच्या सकाळी अख्ख्या रिंकभर ऐकू गेला असणार, बर्फावरून घसरत पलीकडच्या काचेवर आपटून परत आला असणार, असं मला वाटलं. बलतेज सिंग गोसल माझा डावा स्केट उलटा धरून पात्याकडे बघत होते. पंचावन्न वर्षांचे, नाक दोनदा मोडून दोन्ही वेळा वेगळ्या बाजूला बसलेलं, निळी पगडी, दाढीत लोखंडाची बारीक पूड. आम्ही पोरी त्यांना बल्ली अंकल म्हणतो. चिप्सच्या खिडकीला लागून त्यांची खोली आहे, दोन माणसं उभी राहिली तर तिसऱ्याने श्वास बाहेर जाऊन घ्यावा एवढी, आणि कॅनडातल्या आमच्या सरे गावातल्या निम्म्या मुलामुलींचे स्केट त्या खोलीतून धार लावून जातात. त्यांनी पात्यावर अंगठ्याचं नख हलकेच ओढलं. नखाचा पांढरा भुगा निघाला की धार बरोबर. भुगा निघाला. मग त्यांनी उजवा स्केट हातात घेतला.

मागे बाकावर तवलीन आणि रुहानी एकमेकींच्या जॅकेटात तोंड खुपसून बसल्या होत्या. त्यांचंच हे काम. गुरुवारी रसायनाच्या तासाला रुहानीने फोनवर आइस हॉकीच्या जुन्या खेळाडूंची यादी उघडली आणि बाकाखालून मला लाथ मारली. गोसल, बलतेज. सामने एकसष्ट. गोल शून्य. गोलाला हातभार चार. शिक्षेची मिनिटं दोनशे चौदा. म्हणजे मारामारी करून शिक्षेच्या पेटीत बसलेला वेळ सगळा मिळून साडेतीन तासांच्या वर आणि गोल एकही नाही. “खोटारडा!” तवलीन म्हणाली. “आणि तो मिठाईच्या दुकानातला फोटो?” तो फोटो आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. स्कॉट रोडवरच्या दुकानात, जिलेबीच्या कढईच्या वर, काचेवर तुपाचा पिवळट थर: तरुण बल्ली अंकल दोन्ही हात वर करून ओरडतायत, पुढचा दात नाही, हेल्मेटखालून पटक्याचं टोक बाहेर आलंय. जिलेबी घेताना प्रत्येक बाप आपल्या पोराला सांगतो, बघ, आपल्या माणसाचा पहिला गोल. माझ्या वडिलांनी, पापांनीही, सांगितलं होतं. मी तेव्हा पाच वर्षांची असेन, मला तो माणूस जिलेबी गरम लागली म्हणून ओरडतोय असं वाटलं होतं. “दम असेल तर विचार त्यांना,” तवलीन म्हणाली. “विचारलंस तर महिनाभर तुझी बॅग मी उचलेन.” माझी बॅग! तिला गोठ्यासारखा वास येतो आणि ती तवलीनच्या धाकट्या भावाएवढी जड आहे. मी हो म्हटलं. या वर्षी मी सगळ्याच गोष्टींना हो म्हणत सुटलेय. गेल्या सीझनला एकतीस गोल केल्यापासून माझा आवाजच बदललाय असं मम्मी म्हणते. पूर्वी मी वाक्य सुरू करायचे आणि शेवटी आवाज पुसून टाकायचे, आता म्हणे शेजारच्यांनाही माझं वाक्य पूर्ण ऐकू जातं.

पण खरं सांगायचं तर मी बॅगेसाठी विचारलं नाही. मला ‘नाही’ ऐकायचं होतं. का, ते त्या दोघींना माहीत नव्हतं, कोणालाच नव्हतं. ते गेले तीन आठवडे माझ्या फोनमध्ये होतं आणि फोन माझ्या खिशात होता आणि खिसा सतत मांडीला चटके देत होता. तीन आठवड्यांपूर्वीच्या शुक्रवारी सस्कॅचवान प्रांतातल्या एका शाळेचं पत्र आलं. मुलींची हॉकी शाळा, तिथेच राहायचं, तिथल्या मुली पुढे देशासाठी खेळतात. तुम्हाला प्रवेश देताना आनंद होतो, असं पहिलंच वाक्य. मी जिन्यावरून ओरडले. पापा तेव्हा कॅल्गरीहून ट्रक घेऊन नुकते परतले होते, एका पायात बूट, एक पाय मोकळा, तसेच त्यांनी मला उचलायला बघितलं आणि पाठ धरून बसले. पापांना स्केटिंग येत नाही. मला शिकवायला ते कामाचे बूट घालून बर्फावर उतरले होते, माझे दोन्ही हात धरून उलटे चालत, आणि अकरा वेळा पडले, मी मोजलं होतं. ऑफसाइड म्हणजे काय हे त्यांना अजून कळलेलं नाही, पण पंचाने शिट्टी मारली की ते आधी पंचावरच ओरडतात. त्या माणसाने शनिवारभर फोन केले. रविवारी गुरुद्वारात माझ्या नावाने अरदास, म्हणजे प्रार्थना, करवली. दिवाण, म्हणजे संगतीची सभा, भरलेला, मी बायकांच्या बाजूला मम्मीच्या शेजारी, हातात नुकताच मिळालेला शिऱ्यासारखा कडाह प्रसाद, आणि स्टेजवरून सेक्रेटरी अंकल सांगतायत की सहोता परिवाराची मुलगी इश्मीत कौर कॅनडाच्या टीममध्ये निवडली गेली आहे. कॅनडाच्या टीममध्ये! शाळा कुठल्या कुठे राहिली. माझ्या मांडीवर ओढणीखाली फोन थरथरला. मी प्रसादाच्याच बोटाने उघडला. शाळेचं दुसरं पत्र, तपशिलाचं. पहिल्या वर्षी राखीव खेळाडू. सर्व सरावांना हजेरी बंधनकारक. सामन्यांत उतरवण्याची हमी नाही. ‘राखीव’ या शब्दावर माझ्या बोटाचा तुपकट ठसा उमटला, तो शब्द त्यातून फुगल्यासारखा मोठा दिसायला लागला, आणि त्याच वेळी सगळे ‘जो बोले सो निहाल’चा जयघोष करत होते, माझ्यासाठी, आणि मागच्या रांगेतली कुणी आंटी माझ्या पाठीवर हात फिरवत होती. मी प्रसाद तोंडात टाकला. तो खाली उतरायला फार वेळ लागला. संध्याकाळी सांगू म्हटलं. संध्याकाळी पापा ट्रकच्या आवारात लाडू वाटायला गेले. मग रोज संध्याकाळ होत राहिली. उत्तर सोमवारी दुपारी बारापर्यंत द्यायचं होतं आणि आज शनिवार. जावं, तर वर्षभर बाकावर बसावं लागणार आणि पापा फोनवर विचारणार, आज किती गोल? न जावं, तर कारण सांगावं लागणार. कधी वाटायचं, पाय मुरगळून घ्यावा. मुद्दाम. सोप्पं होतं ते.

“नाही,” बल्ली अंकल म्हणाले.

एवढंच. लाजल्यासारखे नाही, चिडल्यासारखेही नाही. दुकानदार ‘लिंबं संपली’ म्हणतो तसं. मग माझ्याकडे नीट बघून म्हणाले, “कोणी पाठवलं तुला? त्या दोघींनी?” मी मान हलवली. “काय ठरलंय? किती दिवस बॅग उचलणार?” मला हसूच आलं. “महिनाभर.” “कमी मागितलंस. माझ्या गोलाची किंमत सीझनभर तरी हवी होती.” आणि उजवा स्केट यंत्राला लावला. ठिणग्या उडाल्या, त्यांच्या मनगटावरच्या कड्यावर आपटून विझत गेल्या. त्यांच्या बोटांचे सांधे सुपारीएवढे फुगलेत. दोनशे चौदा मिनिटं त्या सांध्यांमध्येच साठून राहिली असतील, असं माझ्या मनात आलं, आणि शून्य हा आकडा पहिल्यांदाच मला रिकामा वाटला नाही. पण मग फोटो? मी विचारायच्या आतच ते यंत्राच्या आवाजावरून ओरडून म्हणाले, “फोटो खरा आहे. गोल खोटा.”

पुढचं त्यांनी मधे मधे यंत्र थांबवत सांगितलं, आणि ते मला अजून त्या घरघरीसकटच आठवतं. त्यांचे वडील, दारजी, नदीकाठच्या सॉ मिलमध्ये फळ्या रचायचे. मुलगा मोठ्या लीगमध्ये पोचला तेव्हा दारजींनी नवस बोलला: पहिला गोल होईल त्या दिवशी अखंड पाठ ठेवीन. “आता मला गोल करायला घेतलंच नव्हतं कोणी,” बल्ली अंकल म्हणाले. “सहा फूट तीन इंच, दाढी. कोचने बघितलं आणि म्हणाला, तू मार. आपल्या चांगल्या पोरांना कोणी हात लावला की तू उतर, मार, पेटीत जाऊन बस. मी म्हटलं, बरं. खेळायला मिळतंय ना. पण हे दारजींना कोण सांगणार? दर सामन्यानंतर त्यांचा फोन. सत श्री अकाल नाही, कसा आहेस नाही. एकच शब्द. आज? मी म्हणायचो, नाही दारजी. ठेवून द्यायचे. दोन वर्षं. फोन वाजला की मी तीन घंट्या होईपर्यंत उचलायचो नाही बघ.” माझ्या खिशातला फोन त्या वेळी गप्प होता, तरी मी त्याच्यावर हात ठेवला.

मग एका मंगळवारी गोल झाला. गर्दीतून टोलवलेली चकती कशी कोण जाणे आत गेली, गोलामागचा दिवा लागला, त्यांनी हात वर केले, फोटो निघाला. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी स्वतःहून घरी फोन लावला: दारजी, झाला! तिकडे दारजींनी मिलमधून रजा टाकली, पाठ वाचणारे पाठी जमवले, आणि बुधवारी पहाटे घरातच पाठ सुरू झाला. आणि बुधवारी सकाळी इकडे सरावाच्या वेळी कोच म्हणाला, आकडे तपासणाऱ्यांनी फिल्म पुन्हा बघितली, चकती वाटेत आपल्याच एका गड्याच्या स्केटला लागून गेली, गोल त्याच्या नावावर टाकलाय. “तो बिचारा गडी इतका शरमला, त्याने मला दोन दिवस जेवायला घातलं,” अंकल म्हणाले. “खरंच लागली होती का?” मी विचारलं. “मला काय माहीत! मी डोळे मिटले होते.”

अखंड पाठ काय असतो ते मला कोणी सांगायला नको. आमच्या घरी झालाय. एकदा सुरू झाला की ग्रंथाच्या शेवटच्या पानापर्यंत आवाज तुटता कामा नये; एका पाठीची पाळी संपत आली की दुसरा शेजारी येऊन बसतो, त्याच्या ओळीत आपली ओळ मिसळतो, मग पहिला उठतो. दोन दिवस. स्वयंपाकघरात सतत चहा, सतत कोणीतरी पोळ्या लाटतंय, लहान मुलं कोटांच्या ढिगावर झोपलेली. मी ते घर डोळ्यांसमोर बघितलं; ते सगळं, तो वास, ती कुजबूज, त्या चपलांची रास, एका नसलेल्या गोलासाठी चाललेलं होतं, आणि ते ज्याला माहीत होतं तो एकटाच माणूस हजारो मैलांवर फोनकडे पाठ करून बसला होता. “लगेच सांगितलंत ना तुम्ही?” मी विचारलं. माझा आवाज जुन्यासारखा झाला, शेवटी पुसलेला. बल्ली अंकलनी यंत्र बंद केलं. “लगेच? दीड दिवस मी फोनला हात लावला नाही. मारामारीला कधी घाबरलो नाही, पण त्या फोनला... गुरुवारी संध्याकाळी केला. म्हटलं, दारजी, गोल माझा नाही. दुसऱ्याचा निघाला. मागे पाठाचा आवाज येत होता. दारजी म्हणाले, पाठ सुरू आहे. मधे थांबत नसतो. तू जेवलास का?”

“मग?”

“मग काय? म्हटलं, जेवलो. ठेवला फोन.”

शुक्रवारी सकाळी भोग, म्हणजे पाठाची समाप्ती. अरदासीच्या वेळी ती म्हणणाऱ्या भाईजींनी दारजींना हळूच विचारलं, कशाचं नाव घ्यायचं? गोलाबद्दल म्हणू की नको? सगळी मिल बसली होती. दारजी म्हणाले, म्हणा, पोरगा खेळतोय. तेवढंच म्हणा. आणि भाईजींनी तेवढंच म्हटलं. हे बल्ली अंकलना त्यांच्या आईने नंतर सांगितलं. दारजी स्वतः या विषयावर मरेपर्यंत एक अक्षर बोलले नाहीत. मिलमधले लोक मात्र वर्षानुवर्षं छळायचे, अरे गुरबख्श सिंग, त्या गोलाचं काय झालं? आणि दारजी फळी उचलता उचलता म्हणायचे, वाटून टाकला. “फोन यायचाच पुढेही,” अंकल म्हणाले. “पण ‘आज?’ बंद झालं. जेवलास का, एवढंच. तीन सीझन आणखी खेळलो मी. चांगले गेले. अगदी चांगले. मजा आली.” मी घाईघाईने विचारलं, “त्यात पण गोल नाही?” “छे! गोल कुठला! म्हटलं ना तुला, शून्य.” आणि ते इतके मोठ्याने हसले की चिप्सच्या खिडकीतली बाई वाकून बघायला लागली. मग एकदम गंभीर होऊन म्हणाले, “कधी कधी वाटतं, सांगितलंच नसतं तर? दारजी गोल बघून मेले असते. तेही काही वाईट नव्हतं. मला अजून ठरवता आलेलं नाही.” आणि माझ्या पुढ्यात स्केट ठेवले. “घे. बाहेरची कड जरा तीक्ष्ण ठेवलीय. वळताना जपून.”

मला वाटलं होतं ते काहीतरी सांगतील. शिकवण, सल्ला, मोठी माणसं बोटं हलवत सांगतात तसलं. त्यांना माझ्या पत्राबद्दल ठाऊक असतं तर सांगितलंही असतं कदाचित. मी सांगितलं नाही. बाकाशी आले तर तवलीनने माझी बाही पकडली, “काय म्हणाले? ए, काय म्हणाले?” “नाही म्हणाले.” “बघ! सांगितलं होतं ना मी! खोटारडे!” “खोटारडे नाहीत ते,” मी म्हटलं, आणि ते इतकं मोठ्याने की रुहानी म्हणाली, “बरं बाई, नाहीत. चावतेस काय?” पाठाचं मी त्यांना सांगितलं नाही. ते सांगताना मला रडू आलं असतं आणि त्यांना वाटलं असतं मी हरले.

बर्फावर उतरले. बर्फ गुळगुळीत करणारी गाडी नुकतीच फिरून गेली होती, वर पाण्याचा पातळ थर अजून गोठायचा होता आणि त्यात छतावरचे दिवे लांबच लांब पडले होते. पहिल्या दोन रेट्यांतच माझे खांदे खाली आले. तीन आठवडे मी खेळत होते ते खांदे वर ओढून, कोणीतरी मागून मोजतंय असं. आता कोणी मोजत नव्हतं. मी गोलजवळ गेलेच नाही. नुसती कडेकडेने फिरले, उलटी, सुलटी, तिरकी, नव्या धारेचा कर्रर आवाज ऐकत, गालावर तो गार, ओल्या रबराच्या वासाचा वारा घेत, आणि मला सहज कळलं की मला हे आवडतं. हेच. चकती नसली तरी. सराव मला आवडतो! सामन्यांपेक्षा जास्त नसेल, पण आवडतो. पहाटे पाच वाजता पापांच्या ट्रकच्या वासात अर्धवट झोपेत, मांडीवर गरम पराठ्याचं पुडकं धरून येणं, ते सुद्धा. एक वर्ष फक्त सराव करायला मिळणार असेल, सगळ्यात चांगल्या मुलींबरोबर, सगळ्यात चांगल्या बर्फावर, तर ती शिक्षा कशी? शिक्षा ती नव्हतीच. शिक्षा ही होती, की पापांचा ‘आज?’ मी त्यांनी विचारायच्या आधीच ऐकत बसले होते. आणि त्या बिचाऱ्यांनी तर तो अजून एकदाही विचारला नव्हता. मी वळताना धार विसरले आणि सपशेल पडले. काचेपलीकडून तवलीनने दोन्ही अंगठे वर केले. मी बर्फावर उताणी पडून हसत राहिले. पाठ भिजली, वेणीत बर्फ गेला, तरी उठवेना.

घरी आले तेव्हा एक वाजला होता. तवलीनने बॅग आमच्या दारापर्यंत आणली, दोनदा टाकली, तीनदा शिव्या घातल्या. मम्मी फुलके करत होती, पापा जेवत होते, ट्रकच्या फेऱ्यांचा चार्ट शेजारी पसरून. मी हात न धुताच समोर बसले. मम्मी ओरडली. मी म्हटलं, “एक मिनिट. आधी ऐका.” आणि फोन काढून पापांच्या ताटाशेजारी ठेवला.

“काय हे?” पापा म्हणाले. “चष्मा नाही माझा. तू वाच.”

मी वाचलं. राखीव, हजेरी, हमी नाही, सगळं. तारीखही वाचली.

“हे तीन आठवड्यांपूर्वीचं आहे,” मम्मी हळूच म्हणाली. तवा धुरावला होता.

“राखीव म्हणजे?” पापा म्हणाले. “कोणी दमलं की तू जाणार, असं?”

“कोणी जखमी झालं तर. कदाचित. नाहीतर वर्षभर नुसता सराव.”

“पण पुत्तर, मी तर अरदास करवली. अख्ख्या यार्डात लाडू...” ते थांबले. त्यांच्या हातातला घास तसाच राहिला. मला वाटलं आता ते शाळेवर ओरडतील, पंचांवर ओरडतात तसे. पण ते माझ्याकडेच बघत होते. “आणि तू हे घेऊन फिरत होतीस? एकटी?”

“हो.”

“वेडी आहेस का?”

“नकोच जायला मग,” मम्मी म्हणाली. “बाकावर बसायला एवढ्या लांब कशाला? इथे एकतीस गोल करतेस, इथेच कर. लोकांना सांगू, अभ्यासासाठी थांबली.”

पापांनी लगेच मान डोलावली. त्यांना ते पटलं, दिसत होतं. सगळ्यांची सुटका होती त्यात. किती सोपं करून दिलं त्यांनी मला! दोन दिवसांपूर्वी मी त्यावर झडप घातली असती. मी फुलक्याचा तुकडा मोडला, पापांच्या वाटीतल्या डाळीत बुडवला, खाल्ला. तो सहज खाली उतरला.

“नाही,” मी म्हटलं. “खोटं काही सांगायचं नाही. उद्या दिवाणानंतर सेक्रेटरी अंकलना मी स्वतः सांगणार आहे की कॅनडाची टीम वगैरे काही नाही. आणि त्या शाळेला आजच हो लिहून टाकतेय. मी जाणार आहे, पापा. राखीव म्हणूनच जाणार आहे.”